संशय घेणाऱ्याची बाजू : लक्ष्मणराव, दादासाहेब आणि चिकाटीचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘उद्योजकाची चिकाटी’ असा छापला आहे. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. ठरलेल्या तारखेला पगार घेतला, आता ठरलेल्या तारखेला पेन्शन घेतो. आयुष्यात साधी पानाची टपरीसुद्धा चालवलेली नाही. तरीही आम्ही हो म्हटलं, त्याला एक कारण आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं कुठून येतंय ते कळेल.

काही वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. फळांचे रस बाटल्यांत भरून विकायचा त्याचा छोटा धंदा होता. दोनदा बसला होता. तिसऱ्यांदा उभा करायचा तर राहतं घर गहाण टाकावं लागणार होतं. घरचे सगळे विरोधात. तो म्हणाला, “सर, थांबू की चालू ठेवू?” आम्ही काय केलं असेल? त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. नांगर दोन वर्षं विकला गेला नाही, लोक हसले, पण त्यांनी चिकाटी सोडली नाही, आणि बघ पुढे काय झालं! चहा झाला, तो पाया पडून गेला. त्यानं घर गहाण टाकलं. धंदा तिसऱ्यांदाही बसला.

वर्षभरानं भेटला तेव्हा त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. एवढंच म्हणाला, “सर, लक्ष्मणरावांचा नांगर विकला जात नव्हता हे तुम्ही सांगितलंत. पण का विकला जात नव्हता, ते नाही सांगितलंत. मला वाटलं, नुसतं थांबायचं असतं.”

मंडळी, या वाक्यानं आमची बरीच रात्रीची झोप घेतली आहे. म्हणून आज ती गोष्ट पुन्हा सांगायची आहे. या वेळी नीट. आणि एकट्या लक्ष्मणरावांची सांगायची नाही. तिच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवायची आहे, कारण एकच यशस्वी माणूस समोर ठेवला की आपण त्याच्या यशाचं कारण हवं तसं ठरवून मोकळे होतो.

साल 1885. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या एका वर्षात दोन मराठी मुलं दाखल झाली. पहिला लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, वय सोळा, जन्म बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. दुसरा धुंडिराज गोविंद फाळके, वय पंधरा, जन्म त्र्यंबकेश्वरचा, शास्त्रीबुवांच्या घरातला. दोघांनाही चित्रं काढायची होती. पुढे दोघांनीही चित्रकार म्हणून नाव काढलं नाही. एकानं लोखंडाचा नांगर केला, दुसऱ्यानं ‘राजा हरिश्चंद्र’ केला.

आणखी एक योगायोग बघा. दोघांच्याही गोष्टीत डोळे आडवे येतात. लक्ष्मणरावांना दोनेक वर्षांत कळलं की आपल्याला काही रंग ओळखू येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. तिथेच यांत्रिक रेखाचित्रं शिकले. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. म्हणजे पहिलं अपयश आलं तेव्हाच या माणसानं एक गोष्ट केली, तिच्याकडे आमचं इतकी वर्षं लक्षच गेलं नव्हतं. जे जमणार नाही ते टाकून दिलं, आणि जे हाताशी उरलं त्याचा उपयोग शोधला. याला आपण चिकाटी म्हणू का? बहुतेक जण म्हणणार नाहीत. चित्रकला सोडणारा मुलगा आपल्या व्याख्येत धरसोड करणाऱ्यांत जमा होतो. पण चिकटून राहायचं ते नेमकं कशाला, हा प्रश्न इथेच उभा राहतो. तो मनात ठेवा.

नोकरी करता करता लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावी थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. 1888 पासूनचा हा उद्योग. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाची सुरुवात या सायकलींपासून झाली. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. आता जरा त्या काळाच्या नजरेनं बघू या. मुंबईची कायमची नोकरी, मास्तर म्हणून मान, आणि हा मनुष्य गावी येऊन सायकलींच्या दुकानात बसतो. नातेवाईक काय म्हणाले असतील ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही घरात ते कोणी ना कोणी म्हटलेलं असेल.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं, आणि मग लोखंडी नांगर. इथे आपण त्या प्रसिद्ध दोन वर्षांपाशी येतो. नांगर तयार होता आणि दोन वर्षं गिऱ्हाईक मिळेना. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडानं जमीन नासते, मातीत विष उतरतं.

ही गोष्ट सांगताना आपण सगळे या जागी हसतो. आम्हीही वर्गात हसत असू. पण आज त्या शेतकऱ्याच्या बाजूनं थोडं बोलू द्या. आमच्या विषयात एक शिस्त आहे. जुने शास्त्रकार आपला सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे विरोधकाचं म्हणणं. तेही कसं मांडायचं? विरोधकानं स्वतः मांडलं असतं त्याहून अधिक भक्कम करून मांडायचं. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणं हे कमीपणाचं मानलं जाई. न्यायदर्शनात तर ज्ञानासाठी लागणाऱ्या ज्या सोळा पदार्थांची यादी आहे, त्यात तिसरा पदार्थ ‘संशय’ आहे. संशय हा तिथे शत्रू नाही, विचाराची सुरुवात तिथून होते.

तर शेतकऱ्याचा पूर्वपक्ष. लाकडी नांगर गावचा सुतार करून देतो. सुतार बलुतेदार, त्याचं देणं पिकावर धान्यात फिटतं. नांगर सकाळी मोडला तर संध्याकाळपर्यंत जोडून मिळतो. लोखंडी नांगराला रोख पैसे लागतात, आणि रोख पैसा ही शेतकऱ्याकडे सर्वांत दुर्मीळ गोष्ट. तो जड, म्हणून बैल जास्त लागतात. ऐन हंगामात त्याचा एखादा भाग तुटला तर गावच्या सुताराच्या हातात ते काम नाही. नांगरट चुकली तर वर्ष गेलं, सावकार दारात. शिवाय हा नांगर माती खोलवर उलटी करतो. लाकडी नांगर तसं करत नाही, तो माती फाडतो. खालची माती वर आली तर पिकाचं काय होईल, याचा अनुभव त्या शेतकऱ्याला नव्हता, त्याच्या बापालाही नव्हता. आता सांगा, ‘जमीन नासेल’ या वाक्यात अडाणीपणा किती आणि शहाणपण किती? विषाची समजूत चुकीचीच होती. पण तिच्या पोटात जी भीती होती ती चुकीची नव्हती. एका हंगामावर ज्याचं पोट आहे त्यानं नव्या अवजाराला सहज हो म्हणावं, ही अपेक्षाच पगारदार माणसाची आहे.

मग या संशयाला उत्तर कसं मिळालं? व्याख्यानानं असे संशय फिटत नसतात. नांगर शेतात चालताना दिसावा लागतो. शेजाऱ्याच्या रानातली हरळी मुळासकट वर आलेली दिसावी लागते, आणि त्या रानात पुढचं पीक उभं राहिलेलं दिसावं लागतं. ज्या दख्खनच्या जमिनीत हरळीनं शेतकरी हैराण, तिथे खोल नांगरट हे लोखंडी नांगराचं खरं बळ होतं. पहिले काही नांगर गेले, त्यांनी काम दाखवलं, आणि मग मागणी हळूहळू वाढली. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही ‘दोन वर्षं थांबले’ एवढंच सांगितलं होतं. ती दोन वर्षं केवळ थांबण्यात गेली असती, तर नांगराला गंज चढला असता, दुसरं काही झालं नसतं.

आता दुसऱ्या मुलाकडे वळू.

धुंडिराज फाळके जे. जे. मधून बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला, छायाचित्रण, आणखी बरंच काही शिकले. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा काढला. प्लेग आला आणि त्यात पत्नी आणि मूल दोन्ही गेली. पुन्हा बडोद्यात फोटोग्राफी सुरू केली, तर लोकांत समज पसरला की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. बघा, तिकडे लोखंड जमिनीचा जीव घेतं, इकडे कॅमेरा माणसाचा. दोन वेगळी गावं, दोन वेगळे धंदे, आणि संशयाचा आकार अगदी एक. धंदा बसला. मग त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग केले. तिथे नाव घेतलं ‘प्रोफेसर केल्फा’, म्हणजे फाळके उलटे. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, स्वदेशीच्या दिवसांत ती सोडली. लोणावळ्याला छपाई आणि ब्लॉक करण्याचा कारखाना काढला, यंत्रं बघायला 1909 साली जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, आणि स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या कारखान्यातून ते बाहेर पडले.

वय चाळीस. दुसरा संसार, पदरात मुलं, हातात काही नाही. अशा वेळी त्यांनी गिरगावात एका तंबूत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि ठरवलं की आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर आणायचे. मग रोज चित्रपट बघायचे, घरी येऊन त्यावर विचार आणि प्रयोग करायचे, झोप जेमतेम. डोळ्यांनी जबाब दिला, काही काळ दिसेनासं झालं. उपचार झाले, चष्मे लागले, दृष्टी परतली, आणि हा गृहस्थ पुन्हा चित्रपट बघायला हजर! वेड लागलं असं लोक म्हणू लागले. आम्ही शेजारी असतो तर आम्हीही तेच म्हटलं असतं.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. त्या संपादकांनी आधी त्यांना परावृत्तच केलं, कारण इंग्लंडमध्ये या धंद्यात बुडालेले लोक त्यांनी पाहिले होते. पण फाळक्यांची तळमळ बघून त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं. तिथे फाळके तंत्र शिकले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला आणि परत आले.

आता भांडवल कोण देणार? यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडून पैसे हवे होते. फाळक्यांनी काय केलं, ते ऐका. एका कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं. समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं. पडद्यावर ते एकदम दाखवलं तेव्हा बी फुटलं, अंकुर आला, वेल डोळ्यांदेखत वाढली. नाडकर्णींनी कर्ज दिलं. न्यायशास्त्राच्या त्याच सोळांच्या यादीत ‘दृष्टान्त’ नावाचा एक पदार्थ आहे. दोन्ही बाजूंना मान्य होईल असं उदाहरण, तो दृष्टान्त. वाटाण्याचा वेल हा आम्हाला ठाऊक असलेल्या सर्वांत सुंदर दृष्टान्तांपैकी एक आहे. फाळके सावकाराला ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणाले नाहीत. ‘ही वस्तू बघा’ म्हणाले.

इतकंच नाही. चित्रपटात काम करणं तेव्हा अप्रतिष्ठेचं. फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगितलं की कोणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो’ म्हणा. तारामतीच्या कामाला एकही स्त्री तयार होईना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केलं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

इथपर्यंत दोघांच्या गोष्टी जोडीनं चालतात. दोघांची आधीची अपयशं, दोघांवर हसणारे लोक, दोघांच्या मागे घरातली माणसं, आणि दोघांनीही संशयाला वस्तूनं दिलेलं उत्तर. इथेच थांबलो तर व्याख्यान छान संपेल. टाळ्याही मिळतील. पण आमच्या विद्यार्थ्याला द्यायचं उत्तर इथे नाही. ते पुढे आहे.

बेळगावात लक्ष्मणरावांचा जम बसत होता तोच नगरपालिकेनं शहराच्या वाढीसाठी त्यांची जागा मागितली. कारखाना उठवायचा, आणि तो कुठे न्यायचा त्याचा पत्ता नाही. त्या सुमारास ते औंध संस्थानात सभामंडपाच्या बांधकामाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन देऊ केली, वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. हे बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. चित्रकार होता होता राहिलेल्या माणसाला एका चित्रकार राजानं हात दिला. इतिहासात अशा गोष्टी असतात, त्यांना नशीब म्हणावं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा. पण राजा भेटला नसता तर काय, हा प्रश्न वगळून चिकाटीचं गुणगान करणं प्रामाणिकपणाचं नाही.

जमीन कसली, तर निवडुंगाचं आणि सापांचं माळरान. 1910 साली मंडळी तिथे गेली. मंडळी म्हणतो, कारण लक्ष्मणराव एकटे गेले नाहीत. रामूअण्णा होते, शंभोराव जांभेकर होते, मंगेशराव रेगे होते, अनंतराव फळणीकर होते. ज्यांना शिक्षा झालेल्या म्हणून समाज दारात उभं करत नव्हता, अशा माणसांनाही तिथे राखणीचं काम मिळालं. माळावर कारखाना झाला, वसाहत झाली, स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक आले, भुईमूग फोडायची यंत्रं आली, हातपंप आले. 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. पुढे ते मराठीतलं मोठं मासिक झालं, पण त्याची सुरुवात कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्यासाठी होती. म्हणजे ज्या गिऱ्हाइकानं दोन वर्षं पाठ फिरवली होती, त्याच्याशी बोलत राहण्याची कायमची सोय. पुढे पाण्याचे पंप आले. 1946 मध्ये पुण्यात इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या यंत्रांचा उद्योग पुढच्या पिढीनं उभा केला. लक्ष्मणराव 1956 साली गेले, सत्त्याऐंशीव्या वर्षी, हे सगळं डोळ्यांनी पाहून.

फाळके? ‘लंका दहन’ 1917 साली प्रचंड चालला. 1918 मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, पाच भांडवलदार भागीदारांसह. थोड्याच काळात खटके उडाले. खर्च किती, वेळ किती, पद्धत कोणाची, यावर मतभेद. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. पुढे परत आले, पुन्हा काम केलं. नव्वदहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. पण 1931 साली बोलपट आला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज चढवावा लागला. 1937 मध्ये कोल्हापूरला ‘गंगावतरण’ केला, तो शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. ज्या धंद्याचा त्यांनी पाया घातला तो धंदा तेव्हा ऐन भरात होता, आणि ते स्वतः ओढगस्तीत होते.

1969 साली लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं, आणि त्याच साली दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. सरकारदरबारी दोघांचा मान एकाच वर्षी झाला. पण त्यांच्या अखेरच्या दिवसांत केवढं अंतर!

आता विचारा, चिकाटी कोणाची कमी होती? फाळक्यांची? छे! ज्यानं डोळे गेले तरी चित्रपट सोडला नाही, त्याला चिकाटी शिकवणारे आपण कोण? तेव्हा पहिला निष्कर्ष साधा आहे, पण कोणी सांगत नाही. चिकाटी ही यशाची हमी नव्हे. तसं सांगणारा माणूस, आमच्यासारखा, दुसऱ्याच्या घराचा गहाणखत लिहीत असतो.

मग फरक कुठे पडला? काळाचा वाटा आहे. नांगराचा धंदा आणि चित्रपटाचा धंदा यांचे स्वभाव वेगळे, हेही खरं. पण आम्हाला वाटतं, एक फरक संशयाशी असलेल्या नात्याचाही होता. फाळके तंत्राबद्दलच्या संशयाला अप्रतिम उत्तर देत. वाटाण्याचा वेल आठवा. पण भागीदाराचा संशय, म्हणजे ‘एवढा खर्च का, असंच का करायचं’ हा प्रश्न, त्यांना आपल्या कलेवरचा अविश्वास वाटत असावा. लोणावळ्याला तेच झालं, नाशिकला तेच झालं. दोन्ही वेळा ते उठून निघून गेले. कलावंत म्हणून तो बाणा आहे, आणि त्या बाण्यापुढे आम्ही नम्र आहोत. तो नसता तर 1913 चा तो दिवसच उगवला नसता, कारण कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करणाऱ्याला काही संशयांकडे पाठ फिरवावीच लागते.

लक्ष्मणराव मात्र वस्तूला चिकटून राहिले असं दिसत नाही. रंग सोडले, सायकली सोडल्या, बेळगाव सोडलं. त्यांनी धरून ठेवलं ते दोन गोष्टींना. एक, यंत्र करण्याचं काम. दोन, बरोबरची माणसं. बाकी सगळं त्यांनी प्रत्येक धक्क्यानंतर बदललं. भाऊ पहिल्या सायकलीपासून बरोबर होता. ज्याच्याशी रोज हिशेब बोलता येतो असा भाऊ म्हणजे घरातला पूर्वपक्षच. आपल्या बाजूनं असूनही ‘हे परवडत नाही’ म्हणू शकणारा माणूस ज्याच्याजवळ टिकतो, त्याचा हट्ट चिकाटीत बदलतो, असं आम्हाला वाटू लागलं आहे.

हट्ट आणि चिकाटी यांत बाहेरून फरक दिसत नाही, ही खरी अडचण आहे. यश आलं की आपण चिकाटी म्हणतो, बुडाला की हट्ट म्हणतो. हे निकालानंतरचं शहाणपण झालं. ज्याला आज रात्री निर्णय घ्यायचा आहे त्याला त्याचा उपयोग काय? म्हणून निकालाआधी विचारता येतील असे तीन प्रश्न आम्ही या दोन चरित्रांतून काढले आहेत. सूत्रं नव्हेत ती. आमच्यासाठीच काढलेली टाचणं समजा.

पहिला प्रश्न, तुमच्यावर संशय घेणाऱ्याचं म्हणणं तुम्हाला त्याच्या तोंडून निघावं तितकं नीट मांडता येतं का? ‘लोक जुन्या विचारांचे आहेत’, ‘लोकांना किंमत नाही’ एवढंच सांगता येत असेल, तर पूर्वपक्ष अजून ऐकलेलाच नाही.

दुसरा प्रश्न, मागच्या अपयशानंतर काय बदललं? वस्तू, पद्धत, जागा, किंमत, यांतलं काही बदललं, की फक्त निर्धार वाढला? निर्धार वाढणं चांगलंच. पण तेवढंच वाढलं असेल तर तोच प्रयोग पुन्हा होणार आहे, आणि निकालही बहुधा तोच.

तिसरा प्रश्न, किंमत कोण मोजतंय? सरस्वतीबाईंच्या दागिन्यांशिवाय ‘हरिश्चंद्र’ झाला नसता. त्या स्वतः त्या कामात उतरल्या होत्या, रात्री फिल्मला भोकं पाडत बसल्या होत्या. ज्याचं घर गहाण पडणार, त्याला कामात असं स्थान आहे का? की त्यानं फक्त सही करायची? घरच्यांचा विरोध हा नेहमी भित्रेपणाच असतो असं नाही. पुष्कळदा त्यांनी हिशेब आपल्याआधी मांडलेला असतो.

आता आमच्या विद्यार्थ्याचं सांगतो आणि थांबतो. तो सध्या दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीवर काम करतो आणि गहाण घराचे हप्ते फेडतो आहे. मध्यंतरी पुन्हा आला होता. मनात चौथ्यांदा सुरू करायचं होतं, हे त्यानं न सांगताही कळत होतं. या वेळी आम्ही कोणाचीही गोष्ट सांगितली नाही. एवढंच विचारलं, “दुकानदार बाटल्या परत करायचे, तेव्हा काय म्हणायचे रे?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मोठ्या कंपन्यांचाच माल ठेवतात, छोट्याला उभं करत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायचो, सर. पण ते म्हणायचे, उन्हाळ्यात तुझा रस फसफसतो, झाकणं उडतात.” मग त्यानं विचारलं, “हे तुम्ही तेव्हा का नाही विचारलंत?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नाही, मंडळी. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. चाळीस वर्षं पोरांना पूर्वपक्ष शिकवला, आणि ज्या दिवशी तो खरोखर लागणार होता त्या दिवशी विसरलो. तो आज इथे नाही, कारण त्याची दुपारची पाळी आहे. चौथ्यांदा सुरू कर असं आम्ही त्याला म्हटलेलं नाही, करू नकोस असंही म्हटलेलं नाही. सध्या रविवारी तो जुन्या दुकानदारांकडे जातो, एकेकाला विचारतो आणि वहीत लिहून घेतो.